मच्छरदाणीचा वापर आणि प्रश्नाची भाषा

हिवतापाच्या प्रतिबंधार्थ मच्छरदाणी उपयुक्त आहे, हे आता निर्विवाद ठरले आहे. आफ्रिका खंडात २००० ते २०१५ या काळात हिवतापाच्या जितक्या लागणी टळल्या, त्यांपैकी सुमारे ६८ टक्के कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्यांमुळे टळल्या, असा अंदाज आहे. तथापि घरात असलेली मच्छरदाणी अनेकदा पेटीतच राहते. लोक ती का वापरतात व का टाळतात, याचा शोध परभणीसारख्या जिल्ह्यात घ्यावयाचा झाल्यास आरंभ शब्दांपासून करणे इष्ट होय.

‘हिवताप’ या नावात हीव, म्हणजे थंडी, आणि ताप ही लक्षणे आहेत, डास नाही. ‘मच्छरदाणी’त मच्छर आहे, ताप नाही. या दोहोंचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेस डासाच्या जठरात रोगजंतू पाहिले तेव्हा उलगडू लागला. परभणीही त्या वेळी हैदराबाद संस्थानातच होती. रोगाचे नाव मात्र बदलले नाही. शिवाय दंशापासून ताप येईपर्यंत साधारणतः १० ते १५ दिवस लोटतात. त्यामुळे हा कार्यकारणभाव अनुभवानेही सहज उमगत नाही. मग मच्छरदाणी ही केवळ झोपमोड टाळण्याची वस्तू ठरते व डास कमी झाले की उतरविली जाते.

‘तुम्ही मच्छरदाणी वापरता का?’ या प्रश्नास ‘वापरतो की’ असे उत्तर मिळण्याचा संभव फार. येथील वर्तमानकाळ रीत सांगतो, कालची रात्र नव्हे. आणि ‘तुम्ही’ हे एकास आदरार्थी की साऱ्या घरास, हेही संदिग्ध राहते. ‘काल रात्री मच्छरदाणीत कोण कोण निजले होते?’ असे विचारल्यास माणसे मोजावी लागतात. आंतरराष्ट्रीय पाहण्यांतही म्हणूनच मागील रात्रीविषयी विचारण्याचा प्रघात आहे.

त्यापुढे ‘कोठे निजले होते?’ हे विचारणे अगत्याचे. उन्हाळ्यात माळवदावर किंवा अंगणात बाजेवर, अथवा ज्वारीच्या राखणीस शेतात निजणाऱ्यास मच्छरदाणी टांगावयास चार कोपरे कोठून मिळणार? शिवाय उकाड्यात जाळीआड वाराही कमी लागतो. अशा माणसाच्या नकारास अज्ञान म्हटले, तर उपाय म्हणून भिंतीवर घोषवाक्ये रंगविली जातील. अडचण म्हणून तो नोंदला, तर बाजेच्या पायांना काठ्या बांधण्याचा विचार होईल. चुकीच्या प्रश्नाचे मोल अखेर तापाने फणफणलेल्या मुलास द्यावे लागते.