रुतलेला पाय कसा सोडवावा?

कुरडया करायच्या म्हणून आपण गहू भिजत घालतो. ते वाटून, गाळून चीक काढतो. रात्रभर ठेवला की चीक तळाशी बसतो. वरचे पाणी ओतून टाकले म्हणजे खाली पांढरा थर दिसतो. त्यावर बोट जोराने आपटून पाहा. कठीण लागते. आता तेच बोट हळूच टेकवा. ते सावकाश आत जाते. आम्ही हे करून पाहिले आहे. ही काय गंमत आहे?

पाणी हळू ढवळा की जोराने, ते तसेच पातळ राहते. सगळेच पदार्थ असे नसतात. घट्ट लागलेले दही घुसळले की पातळ होते. चिकाचे याच्या उलट.

चिकात बारीक कण असतात. कणांमध्ये थोडे पाणी असते. हळू दाबले तर कण एकमेकांवरून सरकतात. एकदम दाबले तर सरकायला सवड मिळत नाही. जत्रेत सगळे एकदम दाराशी धावले की दारातच अडकतात ना, तसेच हे.

आता नदीकाठची दलदल पाहू. तिथली ओली वाळू वरून घट्ट दिसते. पाय पडला की ती दह्यासारखी पातळ होते. पाय आत जातो. मग वाळू खाली बसते आणि पायाला आवळून धरते.

अशा वाळूत माणूस डोक्यापर्यंत गडप होतो, असे आपण ऐकतो. तसे होत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रयोग करून हे दाखवले. ही वाळू पाण्याच्या सुमारे दुप्पट जड असते. आपले अंग साधारण पाण्याइतकेच भरते. म्हणून माणूस कमरेपर्यंत जाऊन थांबतो.

पण पाय हिसक्याने ओढू नका. सेकंदाला एक सेंटिमीटर एवढ्या वेगाने ओढायचा म्हटले, तरी मोटारगाडी उचलण्याइतका जोर लागतो! खरा धोका निराळाच आहे. माणूस अडकून पडतो, आणि तेवढ्यात पाणी चढते.

मग करावे काय? घाबरू नका. मागे रेलून बसा. पाय थोडा थोडा हलवा. त्याने पायाभोवती पाणी शिरते आणि वाळू सैल होते. मग एकेक पाय सावकाश काढा. काठावरच्यांनी जवळ धावू नये. फळी किंवा शिडी आडवी टाकावी. दोर दिला तर त्याला हिसका मारू नये.

घाई केली की पाय अडतो. दमाने घेतले की सुटतो.