अर्धशिशी, पडसे आणि मोडशी

काशिराज दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुतादी शिष्यांना शल्यविद्या शिकविली, असे सुश्रुतसंहितेची परंपरा सांगते. काशी म्हणजे आजचे वाराणसी. या संहितेच्या उत्तरतंत्रात मस्तकाचे ११ रोग गणले आहेत. त्यांपैकी एक अर्धावभेदक, म्हणजे अर्धे डोके भेदणारा. मराठीतील अर्धशिशी ती हीच. आता इंग्रजी ‘मायग्रेन’ पाहावा. त्याचे मूळ ग्रीक ‘हेमिक्रेनिया’, आणि त्याचाही अर्थ अर्धी कवटी असाच! फ्रेंचांच्या तोंडी आरंभीचे ‘हे’ गळाले व शब्दाचे कूळ झाकले गेले. एकमेकींपासून इतक्या दूरच्या भाषांना सारखेच नाव सुचावे, याचे कारण सरळ आहे: रोग्याचा हात सर्वत्र कपाळाच्या एकाच बाजूला जातो.

काही नावे मात्र दुखण्याचे नव्हे, तर त्याच्या मानलेल्या कारणाचे वर्णन करतात. संस्कृत प्रतिश्यायाचे पडसे झाले. सर्दी फारसीतून आली, ती थंडीचा अर्थ घेऊन. ‘इन्फ्लुएंझा’ या इटालियन शब्दाचा अर्थ प्रभाव, आणि तो ग्रहताऱ्यांचा समजला जाई. माणसातील या तापाचा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला. तोवर नाव पक्के रुजले होते.

मोडशीचा प्रवास याहून चमत्कारिक. गोव्यातील पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि ‘मोर्देशीं’ केला. फ्रेंचांनी त्यात ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, ऐकले. कुत्र्याचा येथे काडीमात्र संबंध नाही. युरोपीयांच्या लेखी ते पटकीचे भयंकर नाव ठरले. मराठी घरात मात्र मोडशी म्हणजे अजीर्ण, आणि त्यावर आल्यालिंबाचा रस पुरतो.