नटण्याची हौस आणि उसवणारी शिवण

आम्हाला कपड्यांची हौस आहे. नवी तऱ्हा दिसली की बाही कशी जोडली, गळा कसा कापला हे आम्ही भर रस्त्यात वळून पाहतो. काहींना हे रुचत नाही. "कष्टकऱ्याला कशाला हवी फॅशन?" असे ते विचारतात. त्यांना आम्ही महाडची आठवण देतो. १९२७ च्या डिसेंबरात तेथे बाबासाहेब महिलांशी बोलले, तेव्हा लुगडे कसे नेसावे हाही त्यांचा विषय होता. आखूड लुगडे आणि हातभर दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. आयाबायांनी ते लगेच मानलेसुद्धा! अंगावर काय घालायचे हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरवून दिले, त्यांची हौस उथळ कशी?

म्हणूनच वाईट शिवलेला कपडा पाहिला की संताप होतो. भीमजयंतीसाठी घेतलेला आमचा पांढरा कुर्ता पहिल्याच धुण्यात बिघडला. बाजूची शिवण फिरून पोटावर आली आणि काख उसवली. उलटा करून पाहिले तर शिवणीच्या आत पाव इंचही कापड सोडलेले नाही. दुकानदार म्हणाला, "या भावात एवढेच मिळणार, ताई." वर्षातून एकच नवा कपडा घेणाऱ्याला हे उत्तर!

यात चलाखी आहे. कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात. त्यात दोन नग जास्त बसावेत म्हणून भाग थोडे तिरपे मांडले, की धुतल्यावर कापड आपल्या धाग्याच्या दिशेला वळते आणि शिवण फिरते. टाके लांब घातले की मशीन भराभर पुढे जाते. शिवणाऱ्या बाईचा यात दोष नाही. तिला नगावर मजुरी मिळते, आणि आपल्याही कितीतरी भगिनी त्याच मशीनवर बसतात.

तेव्हा दुकानात लाजू नका. कपडा आधी उलटा करा. शिवण दोन्ही हातांनी ताणा. मधून उजेड दिसला तर ठेवून द्या. इंचात दहा-बारा टाके असावेत. मुंढ्याजवळ आणि बगलेत आत अर्धा इंच तरी कापड हवे, म्हणजे पुढे सैल करता येते. काजांचे दोरे सुटलेले नसावेत. साडीचा फॉल लावण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर तो आकसून काठ गोळा होतो.

आणि बिल मागून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दुकानदाराने कितीही मोठ्या अक्षरांत लावली असली तरी!