मधल्या सुट्टीचं गणित

शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तुमच्या फोनमध्येही असणारच. नाव 'दहावी ब' किंवा तसलंच काहीतरी, डीपीला निरोप समारंभाचा फोटो. वर्षातून एक-दोनदा कुणाला तरी झटका येतो, 'भेटू या रे सगळे!' धडाधड अंगठे वर होतात. मग तारीखच ठरत नाही. एकाचं सबमिशन असतं, दुसरा इंटर्नशिपला चिकटलाय, तिसरीची एमपीएससीची टेस्ट सिरीज चालू आहे, चौथा म्हणतो आधी एसटीचं रिझर्व्हेशन बघतो. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर पुन्हा गुड मॉर्निंगची फुलं. यात कुणी खोटं बोलत नसतं. सगळे खरंच बिझी असतात.

आणि रात्री एक वाजता एखादी रील समोर येते. पेप्सीकोला, कंपास पेटी, पावसात भिजलेली दप्तरं, पीटीच्या तासाची शिट्टी. पोटात कसंतरी होतं. वाटतं, यार, ते दिवसच भारी होते.

होते का पण? जरा आठवून बघा. सकाळी सातची शाळा कुणाला आवडायची? घटक चाचणीच्या आदल्या दिवशी ताप यावा म्हणून आपण देवाला साकडं घालायचो. प्रगतीपुस्तकावर सही घ्यायची वेळ आली की आईचा मूड बघून घरात पाऊल टाकायचो. 'कधी एकदा कॉलेजला जातो' हे वाक्य नववीपासून तोंडपाठ होतं. मग आज आपल्याला नेमकं काय हवंहवंसं वाटतंय?

आजाराचं नाव

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात एका आजाराचं नाव म्हणून जन्माला आला. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या स्विस मेडिकलच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी तो तयार केला, घरी परतणं आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून. त्याने नोंदवलेल्या रुग्णांमध्ये बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण होता. घरच्या आठवणीने तो इतका खंगला, की त्याला परत पाठवायचं ठरलं. आणि घरच्या वाटेवरच तो बरा होऊ लागला. लातूरहून पुण्याला किंवा रत्नागिरीहून मुंबईला शिकायला आलेल्या कुणालाही ही केस ओळखीची वाटेल.

आज याला कुणी आजार म्हणत नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या टिम विल्डशुट आणि कॉन्स्टंटिन सेडिकिडीस या मानसशास्त्रज्ञांनी २००६ पासून यावर बरंच संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं, की अशा आठवणींच्या मध्यभागी बहुतेक वेळा माणसं असतात, वस्तू नाहीत. आणि त्या उफाळून येतात त्या खास करून मन उदास असताना, एकटं वाटत असताना. म्हणजे रात्री एक वाजता तुम्हाला पेप्सीकोला हवा नसतो. तो अर्धा तोडून देणारा हवा असतो.

तास मोजून बघू

मैत्रीला किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी हा प्रश्न शब्दशः विचारला. नव्या शहरात राहायला गेलेली माणसं आणि विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थी यांचा अभ्यास करून २०१८ साली त्यांनी अंदाज मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, 'हा माझा मित्र' म्हणण्यापर्यंत यायला सुमारे ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. त्यातही सोबत काम करत घालवलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. टवाळक्या, गप्पा, खेळ, नुसतं सोबत रेंगाळणं, हेच कामाला येतं.

आता आपल्या शाळेचा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं ठरवून दिलेलं आहे. ते १००० तास बाजूला ठेवा, त्यात आपण फळ्याकडे बघत होतो, निदान तसं दाखवत होतो. फक्त मधली सुट्टी धरा, अर्धा तास. आणि शाळेत जाता-येता सायकलवर किंवा चालत एकत्र काढलेला आणखी अर्धा तास. रोजचा एक तास झाला. २२० दिवसांचे २२० तास.

म्हणजे जिवलग मैत्रीला लागणारा वेळ शाळा आपल्याला दर वर्षी देत होती. तारीख न ठरवता, कॅलेंडर न बघता, एक रुपया न घेता. घंटा वाजली की डबा उघडायचा. कुणाच्या भाजीत कुणाची पोळी जायची, याची परवानगी कुणी मागत नव्हतं.

आजचा हिशेब? वर्षातून दोनदा तीन-तीन तासांचं गेट टुगेदर म्हणजे ६ तास. या वेगाने २०० तास व्हायला ३३ वर्षं लागतील. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा फोन केला, तरी पावणेआठ वर्षं. हे गणित नवी मैत्री जुळण्याचं आहे, जुनी टिकवायला इतकं लागत नाही. पण मोठेपणी नवा जिवलग दोस्त मिळणं इतकं अवघड का वाटतं, ते यातून कळतं. तुम्ही माणूसघाणे झालेला नसता. तुमच्या टाइमटेबलमधून मधली सुट्टी गेलेली असते, एवढंच.

मधल्या सुट्टीशिवायची शाळा

पटत नसेल तर २०२१ साली दहावी झालेल्या एखाद्याला विचारा. तुमच्यातले काही जण त्याच बॅचचे असतील. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि पुढच्या वर्षी दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. ज्यांच्या घरी मोबाइल आणि रेंज होती त्यांना सर दिसत होते, धडा होत होता, गृहपाठही येत होता. शाळेतलं जवळजवळ सगळं 'ऑफिशियल' स्क्रीनवर आलं होतं. राहिलं फक्त अनऑफिशियल, म्हणजे मागच्या बाकावरची खुसफुस आणि नळावरची ढकलाढकली. ती मुलं आज सांगतात ते याच राहिलेल्या गोष्टींबद्दल. पायथागोरसचा धडा ऑनलाइन झाला म्हणून कुणाचा गळा दाटून आलेला ऐकला नाही.

न निवडलेली माणसं

शाळेने आणखी एक गोष्ट केली होती. बाकावर शेजारी कोण बसणार, हे ती ठरवायची. उंचीप्रमाणे नाहीतर हजेरीपटाप्रमाणे, कधी 'तू फार बोलतोस, ऊठ, तिकडे बस' म्हणून. त्यामुळे डॉक्टरांचा मुलगा आणि रिक्षावाल्याचा मुलगा एकाच कंपासने वर्तुळं काढायचे. कायम पहिली येणारी आणि कायम काठावर पास होणारी, दोघी एका छत्रीत घरी जायच्या.

दहावीनंतर चाळणी लागते. टक्के, फी, शाखा, क्लास, इंग्रजी किती येतं, शहर कोणतं. हळूहळू आपल्याभोवती आपल्यासारखेच उरतात.

अर्थात सगळ्यांची शाळा गोड नव्हती, हेही मान्य करायला हवं. ज्या टोपणनावावर वर्ग पाच वर्षं हसला, ते ज्याचं होतं त्याला कधी हसू आलंच असेल असं नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी भर वर्गात जातीवरून उभं केलं जायचं, ते उभं राहणं काही जण अजून विसरलेले नाहीत. त्यामुळे ग्रुपवर एखादा गप्प असेल, तर 'भाव खातोय' म्हणण्याआधी जरा थांबा. त्याच्या आठवणीतली शाळा वेगळी असू शकते.

ग्रुपमध्ये कोण नाही?

आता एक काम करा. ग्रुपची मेंबर लिस्ट उघडा आणि शेजारी आठवीचा वर्ग आठवा. हजेरी घ्यायचे त्या क्रमाने, एक एक नाव. कोण कोण नाही?

मराठवाड्यातल्या शाळेत शिकलेल्यांना आठवेल, दिवाळीच्या सुमाराला काही बाक रिकामे व्हायचे. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, पोरंही सोबत जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायची. कायद्यातले २२० दिवस त्यांच्या वाट्याला कधी आलेच नाहीत. शहरातल्या वर्गातही कुणीतरी असतो, जो नववीत अचानक यायचा बंद झाला आणि नंतर वडापावच्या गाडीवर दिसला. आणि ती? गॅदरिंगमध्ये जिचा नाच ठरलेला असायचा ती? दहावी झालेली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. लग्नाचं कायदेशीर वय १८ आहे. तरी दहावीच्या सुट्टीत कुणाकुणाची लग्नं झाली, हे तुम्हाला आपापल्या वर्गापुरतं नक्की माहीत असेल.

शाळेच्या आठवणीने आपण हळवे होतो, आणि त्या आठवणीतली निम्मी माणसं कुठे आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं. मिस करायचंच असेल तर त्यांना करू या. रीलपेक्षा ते थोडं अवघड आहे, पण फोनच्या आवाक्यातलं आहे.

एवढं तरी करता येईल

एक. 'सगळे भेटू' हा नाद सोडा. पन्नास जणांची तारीख कधीच जुळत नाही. दोघांची जुळते. आणि फोन करायला कारण लागत नाही. मधल्या सुट्टीत काय, अजेंडा असायचा का?

दोन. कॉलेज संपेपर्यंत तुमच्याकडे अजून मधली सुट्टी आहे. रोज तासभर कँटीन, आठवड्याचे पाच दिवस, वर्षातले ४० आठवडे, झाले २०० तास. तोच तास मान खाली घालून स्क्रोल करण्यात गेला, तर नोकरी लागल्यावर तो पुन्हा कुणी देणार नाही. कँटीनमध्ये कधीतरी आपल्या नेहमीच्या टेबलाच्या पलीकडेही बसून बघा.

तीन. ग्रुपमध्ये नसलेलं एक नाव शोधा. गावाकडच्या मित्राला विचारा, शाळेच्या शिपाईकाकांना विचारा, त्यांना हमखास माहीत असतं. नंबर मिळाला की आधी नुसत्या गप्पा मारा, लगेच उपदेश नको. पण बोलता बोलता राहिलेल्या दहावीचा विषय निघालाच, तर एवढं माहीत असू द्या: शाळेत न जाताही राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. पुढच्या शिक्षणासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, मुदत असते, कागदपत्रं लागतात. दुकानात किंवा शेतात दिवस घालवणाऱ्याला याच गोष्टी डोंगराएवढ्या वाटतात, आणि तुम्ही असले फॉर्म अ‍ॅडमिशनपासून आजवर ढिगाने भरलेत. अर्ध्या तासाचं काम आहे. बाकावर शेजारी बसून तो तुम्हाला गणित दाखवायचा, तेव्हा त्यालाही तेवढाच वेळ लागायचा.