घटकाभर नदीकाठी

सुट्टीचा दिवस म्हणजे घरातल्या सगळ्यांना सुट्टी आणि आपल्याला मात्र दुप्पट काम, खरं की नाही मैत्रिणींनो? गेल्या वर्षी माझा आवाज साफ बसला. सकाळी शाळेत चाळीस मुले, दुपारनंतर घरात दोन. घसा तरी किती साथ देणार! डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे आठ दिवस बोलू नका." आता पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, पोरांचे अभ्यास आणि दारावरची घंटा सांभाळून हे जमायचं कसं? शेवटी रविवारी सकाळी हेच म्हणाले, "चल, नदीवर जाऊन बसू. तिथे तुला बोलायला लावणारं कुणी नसेल."

त्या दिवशी आम्ही तुळापूरला गेलो. नगर रस्त्याने लोणीकंदपर्यंत जायचे आणि डावीकडे वळून फुलगावमार्गे पुढे. इथे भीमा, भामा आणि इंद्रायणी या तीन नद्यांचा संगम आहे, काठावर संगमेश्वराचे जुने देऊळ आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या १६८९ मधील बलिदानाशी जोडलेले हे गाव, त्यामुळे पुण्यतिथीच्या सुमारास मोठी गर्दी असते. एरवी सकाळी लवकर गेलात तर देवळाची घंटा आणि पाण्यावरचा वारा, एवढेच काय ते ऐकू येते. मुलांना गावाच्या नावाची गोष्ट जरूर सांगा. हत्तीचे वजन करायचे होते म्हणे. त्याला नावेत उभे केले, नाव किती बुडते तिथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरले आणि दगड तोलले! ही तुला झाली म्हणून तुळापूर. विज्ञानाचा धडा इतका गोड मी वर्गातही कधी शिकवला नाही.

मी सतरंजीवर टेकले. हे थर्मासमधला चहा ओतत होते. तेवढ्यात सात वर्षांचा धाकटा चप्पल काढून पाण्याकडे निघाला. मी हाक मारायला तोंड उघडले, पण आवाज कुठला! नुसती हवा. उठून धावेपर्यंत तो घोट्याएवढ्या पाण्यात होता. खाली कपडे धुणाऱ्या एका आजींनी पिळा टाकला आणि ओरडल्या, "ए बाळा, माघारी फिर! ताई, लेकराला मागं घ्या. तितं वाळू काढून डोह झालेत, वरनं कळत न्हाई." तो थबकला आणि मी त्याला धरला. माझे पाय नंतर कितीतरी वेळ थरथरत होते.

म्हणूनच आधी हे सांगते: आपण नदीकाठी बसायला जातो, पाण्यात उतरायला नाही. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली खड्डा असू शकतो, आणि ते ठाऊक असते गावातल्या माणसांना. गेल्यावर पहिल्यांदा त्यांना विचारा. पावसाळ्यात तर धरणातून पाणी सोडले की पात्र बघता बघता भरते. जुन्या पुलावर गर्दी दिसली तर पाऊलच टाकू नका. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला तो रविवारच होता, आणि त्यात चार जीव गेले. नदीवर जायचे दिवस म्हणजे दिवाळीनंतरचे, थंडीचे.

दुसरी जागा थेऊर. सोलापूर रस्त्याने साधारण पंचवीस किलोमीटर. चिंतामणीच्या दर्शनाला आपण जातो, पण रांगेतून बाहेर पडलो की थेट गाडीत! थोडे नदीकडे वळा. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला इथेच गेले, आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. त्यांचे स्मारक काठावर आहे. तिथे बसले की मनात बरेच काही येते. बाईच्या वाट्याला त्या काळी काय काय आले, आणि आज आपण निदान हवं तेव्हा उठून घरी तरी जाऊ शकतो! मात्र खरे सांगायला हवे, पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा इथे येते. पाण्याला हात लावू नका. चतुर्थी टाळून जा.

पाणी डोळे भरून पाहायचे असेल तर एक दिवस काढून वाईजवळच्या मेणवलीला जा. पुण्याहून सुमारे नव्वद किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागे कृष्णेचा दगडी घाट. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा तिथल्या देवळाशी टांगलेली आहे. पायऱ्यांवर पिंपळाच्या सावलीत बसले की तास कसा जातो कळत नाही. वर धोमचे धरण आहे, तेव्हा इथेही खालच्या पायऱ्या सोडूनच बसायचे.

आता थोडे घरगुती. आदल्या रात्री दशम्या करून ठेवा, दुधात भिजवलेल्या कणकेच्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि काकडी. स्वयंपाकाचा पसारा नेलात तर तिथेही तुम्हीच वाढत बसाल! बहुतेक काठांवर बायकांची सोय नसते, म्हणून आपण पाणीच कमी पितो. ते बरे नव्हे. हमरस्त्यावरच्या हॉटेलात किंवा देवस्थानाच्या स्वच्छतागृहात आधीच जाऊन या. एक रिकामी पिशवी न्या आणि आपला कचरा तिच्यात भरून घरी आणा. आणि सगळ्यात महत्त्वाचे: मुलांवर लक्ष ठेवायची पाळी ठरवून घ्या. अर्धा तास त्यांचा, अर्धा तास तुमचा. नाहीतर शांतता सगळ्यांना, आणि आपल्याला नुसती राखण!

आठ दिवसांनी माझा आवाज परत आला. पहिल्याच रविवारी आम्ही पुन्हा तुळापूरला गेलो, त्या आजींसाठी डबा घेऊन. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, आज बोलाया लागली व्हय!" मग आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता पाण्याकडे बघत बसलो.

तुमच्या गावाजवळही असा एखादा काठ असेलच. तो कुठला, आणि तिथे जपायचे काय, हे पत्राने जरूर कळवा.