लेकीसाठी लॅपटॉप घेताना



बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की गटाच्या बैठकीत कर्जाची कारणं बदलतात. एरवी शेळी, शिलाई मशीन, बियाणं, दवाखाना. गेल्या काही वर्षांत त्यात लॅपटॉप आलाय. मागणी तीस-पस्तीस हजारांची असते आणि बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात. शेळी घ्यायची तर आपण दात बघून वय सांगतो, कास बघून दुधाचा अंदाज करतो. लॅपटॉपचे दात कुठं बघायचे? मग दुकानदार म्हणेल ते, नाहीतर पुण्याला कामाला असलेला भावकीतला पोरगा म्हणेल ते. कधी गरज नसताना पन्नास हजार जातात, तर कधी पंधरा हजारांत आणलेली वस्तू सहा महिन्यांत चालेनाशी होते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

आणखी एक गोष्ट बैठकीत दिसते, ती बोलते. मुलगा इंजिनिअरिंगला गेला तर लॅपटॉप कशाला असं कुणी विचारत नाही. मुलीसाठी मागितला की लगेच, "कॉलेजात असतात की कॉम्प्युटर!" असतात, खरंय. पण आपल्या सांगोल्याच्या, मंगळवेढ्याच्या गावांतून एसटीनं जाणाऱ्या मुलीला गावाकडची गाडी धरायची असते. लॅब रिकामी होईपर्यंत थांबली तर गाडी चुकते. मोबाईलवर व्हिडिओ बघता येतो, पण चाळीस पानांचा प्रकल्प अहवाल मोबाईलवर टाईप करून बघा म्हणजे कळेल. 2024-25 पासून वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारनं पूर्ण माफ केलंय. त्यामुळे कितीतरी मुली पुढं शिकायला लागल्यात. पण त्या माफीत लॅपटॉप येत नाही, तो आपल्यालाच बघावा लागतो.

तर पहिलं सांगणं असं, की प्रवेश पक्का होईपर्यंत घेऊच नका. कॅप राउंडमध्ये शाखा बदलते, कॉलेज बदलतं. मुलगी कॉम्प्युटरला जाईल म्हणून महागाचा घेतला आणि ती फार्मसीला गेली, तर जास्तीचे पैसे वाया. प्रवेश झाल्यावर शिक्षकांना नाहीतर वरच्या वर्गातल्या मुलींना विचारायचं, की कोणतं सॉफ्टवेअर लागतं आणि कोणत्या वर्षापासून. बऱ्याच ठिकाणी पहिल्या सत्रात काहीच लागत नाही. तसं असेल तर दिवाळीपर्यंत थांबा, तोवर गटात बचतही वाढते.

बीए, बीकॉम, बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी यांना साधा लॅपटॉप पुरतो. बीकॉमच्या मुलींना टॅली शिकायची असते, ती विंडोजवर चालते. म्हणून स्वस्त दिसतं म्हणून क्रोमबुक उचलू नका, ते वेगळ्या प्रणालीवर चालतं. सिव्हिल, मेकॅनिकलवाल्यांना ऑटोकॅड लागतं. त्याला आणि बीसीए, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला थोडी जास्त ताकद हवी. आर्किटेक्चर, ॲनिमेशन यांची गोष्ट निराळी आहे, त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि खर्च दुप्पट होतो. बाकी कुणीही "गेमिंग लॅपटॉप घ्या, फास्ट असतो" म्हणालं तर हात जोडा. तो जड असतो, बॅटरी खातो आणि रोज एसटीत खांद्यावर मुलीलाच न्यायचा असतो.

आता दात बघू. लॅपटॉपच्या कागदावर दहा-बारा ओळी असतात. त्यातल्या तीनच नीट वाचायच्या.

आपलं स्वयंपाकघर डोळ्यापुढं आणा. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असेल तर पोळपाट ठेवला की परात खाली ठेवावी लागते. भाजी चिरायची तर पोळपाट उचला. रॅम कमी असेल तर लॅपटॉप अशीच उचलाठेव करत बसतो, त्यालाच आपण "हँग झाला" म्हणतो. 4 जीबी रॅमचा आता घेऊ नका. 8 जीबी हवीच. ऑटोकॅड आणि कॉम्प्युटरवाल्यांना 16 असेल तर बरं. इथं दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारायचा, "रॅम पुढं वाढवता येते का?" काही लॅपटॉपमध्ये ती आत डाग देऊन पक्की केलेली असते, काहींत जास्तीची खाच असते. खाच असेल तर आज 8 घ्या, दोन वर्षांनी लागली तर वाढवा.

दुसरी ओळ साठवणुकीची, म्हणजे आपली धान्याची कोठी. इथं मोठ्या आकड्याला भुलू नका. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये आत तबकडी फिरते आणि सुई माहिती शोधत हिंडते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, हात घातला की वस्तू मिळते. म्हणून 1 टीबी हार्ड डिस्कपेक्षा 256 जीबीची एसएसडी चांगली आणि 512 ची मिळाली तर उत्तमच. शिवाय रस्त्यांचे धक्के तबकडीला मानवत नाहीत, एसएसडीला त्यांचं काही वाटत नाही. तिसरा एक प्रकार असतो, ईएमएमसी. पंधरा-अठरा हजारांच्या नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा 64 जीबीची ईएमएमसी आणि 4 जीबी रॅम असते. विंडोज 11 ला कमीत कमी लागतं ते एवढंच. म्हणजे पाव्हणे आले आणि घर भरलं, आता घरच्यांनी कुठं बसायचं? एक-दोन अपडेट आल्या की जागा संपते. ही वस्तू स्वस्त वाटते, पण माझ्या मते बाजारातला सगळ्यात महाग लॅपटॉप हाच, कारण वर्षभरात दुसरा घ्यावा लागतो.

तिसरी ओळ प्रोसेसरची. हा ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईचा हात म्हणा. कॉलेजच्या साध्या कामाला इंटेलचा आय थ्री किंवा एएमडीचा रायझन थ्री पुरतो. इंटेलच्या नव्या माॅडेलवर नुसतं कोअर 3, कोअर 5 असंही लिहिलेलं असतं. सेलेरॉन, पेंटियम लिहिलेलं दिसलं तर पुढच्या लॅपटॉपकडे चला.

या तीन गोष्टी बसतील असा नवा लॅपटॉप साधारण तीस ते चाळीस हजारांत धरून चला. किमती हलत्या असतात, म्हणून दोन दुकानांचा आणि एक ऑनलाइनचा भाव घ्या. बॅग आणि माऊस फुकट मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. "ऑफिस टाकून देतो" म्हणाले तर ते परवान्याचं आहे का विचारा. चोरीचं असेल तर नको, लिबरऑफिस मोफत आणि कायदेशीर मिळतं, त्यात अहवाल, तक्ते सगळं होतं. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्डही येतो, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. स्टॅबिलायझर घ्या म्हणतील, तोही नको. चार्जरवर बारीक अक्षरात 100-240 लिहिलेलं असतं, म्हणजे आपल्या गावचं कमीजास्त व्होल्टेज तो सांभाळून घेतो. त्याऐवजी तीन पिनांचा, अर्थिंग असलेला नीट बोर्ड घरात बसवा.

एवढे पैसे नसतील तर वापरलेला लॅपटॉप. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप काढून टाकतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्या ऑफिसच्या लॅपटॉपची नावं. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथं ते मिळतात आणि आता जिल्ह्याच्या गावीही दुकानं झालीत. पंधरा हजारांच्या नव्या डबड्यापेक्षा असा वीस हजारांचा जुना कधीही मजबूत. पण इथं फसगतही इथंच.

जुन्यात "आय सेव्हन आहे ताई" असं मोठ्यानं सांगतात आणि पिढी सांगत नाहीत. प्रोसेसरच्या नावात आडव्या रेघेपुढचा आकडा बघायचा. आय फाय 4300 म्हणजे चौथी पिढी, 8250 म्हणजे आठवी, 1135 म्हणजे अकरावी. मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नियमित सेवा बंद केली. विंडोज 11 नियमानं चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याच्या आतला आय सेव्हन असला तरी तो म्हातारा बैलच. रंगवलेली शिंगं बघून दावण सोडायची नाही.

दुकानात स्वतः चालू करून बघायचं. सेटिंग, मग सिस्टिम, मग अबाउट उघडलं की प्रोसेसर आणि रॅम दिसते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की एक खिडकी उघडते. त्यात परफॉर्मन्समध्ये डिस्कपुढं एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. चार्जर काढून अर्धा तास चालवा आणि बॅटरी किती उतरते ते पाहा. प्रत्येक बटण दाबून बघा, पडदा तीन-चारदा उघडझाप करा, बिजागरी ढिली असेल तर सोडून द्या. बंद करून परत चालू करताना जुन्या कंपनीचा पासवर्ड मागत नाही ना, हेही बघा. जीएसटीचं बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी देत नसेल त्या दुकानातून उठा.

आता पैशाचं. दुकानात "बिनव्याजी हप्ता" मिळतो म्हणतात. 2013 सालीच रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो. ते व्याज कुठंतरी लपलेलं असतं, बहुतेक वेळा रोखीवर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नाही आणि वर प्रक्रिया शुल्क लागतं. समजा रोख 30,000 चा लॅपटॉप हप्त्यावर 32,000 ला दिला आणि 1,000 शुल्क घेतलं, तर 3,000 जास्त गेले.

तेच 30,000 गटातून बारा महिन्यांसाठी घेतले, महिना 2 टक्के, आणि शिल्लक मुदलावर व्याज धरलं, तर पहिल्या महिन्याला 600, शेवटच्याला 50, असे मिळून 3,900 होतात. 1 टक्का दर असेल तर 1,950. पण काही गटांत अजून सगळ्या रकमेवर बारा महिने सारखंच व्याज लावतात, ते होतं 7,200! तुमच्या गटात कसं धरतात ते या बैठकीला वही उघडून बघाच.

म्हणजे 2 टक्क्यांच्या गटापेक्षा दुकानाचा हप्ता स्वस्त पडला की, असं कुणी म्हणेल. आकड्यानं पडला, मान्य. पण गटाचं व्याज फिरून गटातच येतं, वर्षअखेरीला आपल्याच वाट्याला. आणि दुसरं, ज्या घरात पगार येतो त्यांना ठरल्या तारखेचा हप्ता जमतो. आपल्याकडं दुधाचं बिल दहा दिवसांनी, डाळिंबाचे पैसे हंगामाला. खात्यात पैसे नसताना हप्ता वळता झाला नाही, की फायनान्स कंपनीचा दंड, बँकेचा वेगळा दंड आणि पत खराब होते ती वेगळीच. पुढं बँकेकडून कर्ज घेताना ते आडवं येऊ शकतं. म्हणून नियमित पगार असेल तिनं दुकानाचा हप्ता बघावा, बाकीच्यांनी गटातून घ्यावं असं मी सांगते. मुलीच्या शिक्षणासाठी 1 टक्का दर ठेवायचा ठराव करणं गटाच्या हातात आहे.

बँकेचं शैक्षणिक कर्ज काढत असाल तर अभ्यासक्रमाला गरजेचा असलेला कॉम्प्युटर त्या खर्चात धरता येतो. पण तो अर्जातच लिहायचा, दुकानाचं कोटेशन जोडून. मंजुरी झाल्यावर आठवण झाली तर परत सगळे कागद.

आणि मोबाईलवर "पंतप्रधान मोफत लॅपटॉप योजना, लिंकवर माहिती भरा" असा मेसेज आला तर उघडू नका, पुढं पाठवू नका. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं असे मेसेज खोटे असल्याचं अनेकदा सांगितलंय. कुणी आधार, ओटीपी देऊन बसलं आणि पैसे गेले, तर लगेच 1930 ला फोन करायचा.

घेताना बिल मुलीच्या नावावर करा. हे मी मुद्दाम सांगते. लॅपटॉप घरात आला की भावाचा सिनेमा आणि काकाचे फोटो त्यातच येतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तिला तो मिळत नाही. खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या खालचा सिरीयल नंबर एकच आहे ना ते जुळवा, दोन्हींचा आणि बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. वसतिगृहात चोरी झाली तर पोलिसांत तोच नंबर लागतो. हमीच्या काळात माणूस गावात येऊन दुरुस्त करतो की सोलापूरला न्यावं लागतं, हे आपला पिनकोड सांगून आधीच विचारून घ्या.

ज्यांच्याकडं दुकानाचं कोटेशन आलंय, त्यांनी येत्या बैठकीला तो कागद आणि मुलगी, दोघांनाही घेऊन या. त्या तीन ओळी आपण मिळून वाचू.