एका इंजिनाची तीन मापे

मोटारीच्या इंजिनाची ताकद जगात मुख्यतः तीन एककांत सांगतात: बीएचपी, पीएस आणि किलोवॅट. एकाच इंजिनाचे आकडे तिन्हींत वेगळे येतात.

अश्वशक्ती रूढ केली जेम्स वॅटने, अठराव्या शतकात. वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकाला कळावे, म्हणून त्याने सेकंदाला ५५० पौंड वजन एक फूट उचलण्याचा दर ठरवला. ही ब्रिटिश अश्वशक्ती ७४५.७ वॅट भरते. इंजिनाच्या फिरत्या दांड्याला ब्रेक लावून ती मोजत, म्हणून बीएचपीत ‘ब्रेक’ आला. मेट्रिक पद्धत रुजलेल्या युरोपीय देशांनी ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याचा दर मानला. तो ७३५.५ वॅटचा. जर्मन भाषेतल्या ‘घोड्याची ताकद’ या शब्दाची आद्याक्षरे म्हणजे पीएस. फ्रेंचांनी त्याच मापाला ‘वाफेचा घोडा’ म्हटले.

बोरघाटासारख्या चढावर या मापांचा अर्थ उलगडतो. माणसांसह १,५०० किलो भरणारी मोटार वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ७२ किलोमीटरने निघाली, तर ती सेकंदाला एक मीटर उंची गाठते. नुसते वजन वर न्यायला १,५०० भागिले ७५, म्हणजे २० पीएस लागतात, तेच १९.७ बीएचपी किंवा १४.७ किलोवॅट. वाऱ्याचा विरोध आणि घर्षण यांसाठी लागणारी ताकद त्याखेरीज. याच घाटात रेल्वेचा चढ ३७ मीटरला एक मीटर असूनही गाडीचे वजन प्रचंड, म्हणून कर्जतहून लोणावळ्यापर्यंत मागून जादा इंजिने जोडतात.

घाटावरच्या मावळात आणि घाटाखाली ही मापे शेजारी नांदतात. तळेगावला अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केलेला कारखाना पुढे कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. अमेरिकेत अश्वशक्ती ब्रिटिश मापाची, तर कोरियात पीएसची. शेतातली पाण्याची मोटर मात्र ‘पाच एचपी’ अशीच ओळखली जाते. लोणावळा, वळवणच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीत चालणाऱ्या ७२ मेगावॅट वीजकेंद्राची ताकद वॅटच्या कुळातली.

युरोपीय संघात २०१० पासून किलोवॅट हेच मुख्य माप आहे. अश्वशक्ती सोबत देता येते. आणखी एक भेद मोजण्याच्या रीतीचा. अमेरिकी कंपन्या १९७१ पर्यंत पंखा, अल्टरनेटर वगैरे काढून इंजिन मोजत. पुढे ते जोडून मोजू लागल्यावर त्याच इंजिनांचे आकडे उतरले.

तुलनेसाठी एक सूत्र पुरते: १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी, म्हणजेच ७३.५ किलोवॅट. दोन गाड्यांचे आकडे एका मापात आणल्यावरच त्यांची ताकद ताडून पाहता येते.